बाबा, ती बाटली उघडण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा मला बोलू देत नाहीत आणि आई रडवेली होते, म्हणून लिहून पाठवतेय. मावशीला आतड्याचा कॅन्सर निघाल्यापासून बाबांनी ‘शरीरातला दाह घालवणाऱ्या’ कॅप्सूल मागवल्यात आणि आई ताटातला एकेक पदार्थ बंद करत चाललीय. दोन्हींबद्दल मला बोलायचंय.

बाबा, दाह काही मुळात वाईट नसतो. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, ठणकतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, दुरुस्ती होते आणि सगळं शांत होतं. घोळ होतो तो हे शांतच होत नाही तेव्हा. वर्षानुवर्षं दुरुस्ती चालू राहिली की पेशी सारख्या विभागत राहतात, आणि दाहातून तयार होणारी रसायनं त्यांच्या डीएनएला इजा करत राहतात. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने १८६३ मध्येच टिपलं होतं. हिपॅटायटिस बी किंवा सी हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला तर यकृताचा, हेलिकोबॅक्टर जंतूमुळे जठराचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारामुळे मोठ्या आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. तेव्हा संबंध खरा आहे, तुमचं तिथपर्यंत बरोबर.

पण जेवणाचा दाहाशी संबंध तुम्ही बघता त्या व्हिडिओत सांगतात तसा ‘हे खाल्लं की दाह, ते खाल्लं की बरा’ असा नसतो. सगळ्यात ठळक दुवा आहे तो पोटावरच्या चरबीचा. चरबी नुसती पडून राहत नाही. ती फार वाढली की तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात आणि रक्तात दाहाचे संदेश सोडत राहतात. सोबत इन्सुलिन वाढतं, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः चरबीतच तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कॅन्सरचा लठ्ठपणाशी संबंध मान्य केलाय. म्हणजे एखाद्या जादूच्या पदार्थापेक्षा बाबांच्या पट्ट्याचं भोक जास्त महत्त्वाचं!

दुसरा दुवा तंतूंचा. कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत, ते आतड्यातले जीवाणू खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, शिवाय त्याने दाहही आवरतो.

प्रक्रिया केलेल्या मांसाचं (सॉसेज, हॅम वगैरे) आईने विचारलं होतं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो, हा आकडा खरा आहे. पण त्याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना होतो असा नव्हे. समजा आयुष्यभरात शंभरातल्या पाच जणांना होणार असेल, तर सुमारे सहा जणांना होईल. आणि दारू? बाबा, तिचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते थेट डीएनए बिघडवतं. कॅप्सूलवर खर्च करणाऱ्या माणसाने शनिवारचा ग्लास मात्र चालू ठेवायचा, ही तुमचीच गंमत.

आता त्या कॅप्सूल. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. भाज्या खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, म्हणून काहींना भाज्यांतल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला, तर गोळ्या घेणाऱ्यांतच फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. २०१७ मध्ये हृदयरुग्णांवर दाह दाबणाऱ्या एका इंजेक्शनची मोठी चाचणी झाली. तिच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर खरंच कमी दिसला, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. दाह दाबायचा म्हणजे शरीराची राखणही ढिली करायची. तुमच्या बाटलीवर कुरकुमिन (हळदीतला घटक) आणि मिरीचा अर्क लिहिलाय. तो अर्क घातलाय कारण कुरकुमिन एरवी रक्तात फारसं शोषलं जात नाही. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमची रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.

आई, दूध सोडलंस ते उगाच. दुधामुळे आतड्याच्या कॅन्सरचा धोका उलट थोडा कमी होतो, असंच दिसतं. ‘साखर कॅन्सरला पोसते’ या भीतीने फळं टाकू नकोस, साखर शरीरातली प्रत्येक पेशी वापरते. या वयात कमी खाऊन आधी झडतात ते स्नायू. आणि ‘तिने काय खाल्लं म्हणून झालं’ हे मावशीसमोर कृपा करून पुन्हा काढू नकोस. हे सगळे आकडे हजारो माणसांचे आहेत, एकीच्या बाबतीत कारण कुणालाच सांगता येत नाही. ती आधीच स्वतःला दोष देतेय.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. मावशी तुझी सख्खी बहीण, म्हणून तुझा धोका इतरांपेक्षा जास्त धरतात. तुला कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) कधी करायची ते विचारायला हवं. आतड्यात लहान गाठ दिसली तर ती कॅन्सर व्हायच्या आधीच, त्याच वेळी काढून टाकतात. बाबांना निदान शौचातलं लपलेलं रक्त शोधण्याची चाचणी करता येईल. शौचाला रक्त दिसलं, सवय बदलली किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. दोघांच्या नावाने वेळ घेते. तुम्हाला सोमवार जमतो की गुरुवार, तेवढं कळवा.

तुमची,
लेक