खबर देणाऱ्यालाच शिक्षा

मा. संपादक,

आपत्तीतल्या माणसांच्या संरक्षणासाठी 2027 संपण्याआधी आंतरराष्ट्रीय करार करायचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2024 मध्ये ठरवले. पायाला आहे आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा 2016 चा 18 कलमांचा मसुदा. बाहेरची मदत कधी मागायची, मदत पथकांना व्हिसा-जकातीत सवलत कशी द्यायची, हे त्यात आहे. धोका आधी कळवणाऱ्याचे नुकसान कोण भरणार, यावर तो गप्प आहे. खबर देणाऱ्यालाच फटका बसतो, हे साथींनी शिकवले आहे.

2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत चार प्रश्न आहेत. घटना गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, सीमेपार पसरेल का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येतील का? दोन उत्तरे 'हो' आली, की 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर दिली; दोनच दिवसांत अनेक देशांनी तिथली विमाने बंद केली. कलम 43 नुसार अशा निर्बंधाचे कारण 48 तासांत द्यावे लागते. न दिल्यास दंड मात्र नाही, त्यामुळे त्या कलमाला फारसे कुणी भीत नाही.

गावातही तेच घडते. आशाताई उपकेंद्रातल्या नर्सबाईंना सांगतात, रोग सर्वेक्षणात संशयित रुग्णाची 'एस' नोंद होते. मग डॉक्टरांच्या तपासणीची 'पी', प्रयोगशाळेच्या निदानाची 'एल'. साखळी तुटते ती 'एस'च्याही आधी. बातमी बाहेर गेली तर आठवडी बाजार बंद, मजुरांना शेजारच्या शिवारात काम नाही, संत्र्याचा व्यापारी बागेत फिरकत नाही. मग 'साधं व्हायरल आहे' म्हणून विषय मिटवला जातो. चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात सापडला. त्यात लेकरू ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत दगावू शकते. चार दिवसांनी कळवून उपयोग काय?

करारात भारताने दोन गोष्टींचा आग्रह धरावा. वेळेत कळवणाऱ्या देशावरच्या निर्बंधाला ठरावीक मुदत असावी, आणि शास्त्रीय कारण न देता तो लांबवणाऱ्याने भरपाई द्यावी.

राज्याला मात्र 2027 ची वाट पाहायची गरज नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 12 मध्ये जीवितहानीच्या मदतीबरोबर उपजीविका सावरण्याची मदतही लिहिलेली आहे. कोविडमृतांच्या वारसांना 50 हजार मिळाले तेही सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 रोजी याच कलमावर बोट ठेवल्यावर. गाव सील झाले, तर तितक्या दिवसांची मजुरी रोजगार हमीच्या दराने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावी. पुरावा म्हणून 'एस' नोंदीची तारीख आणि बंदीचा आदेश पुरे. पंचनामा नको, तो होईस्तोवर ताप उतरलेला असतो आणि माल सडलेला. पैसे तहसीलमार्फत थेट खात्यात जावेत, आणि सील उठायच्या आत पहिला हप्ता पडावा.

— साथरोग व आपत्ती कायद्याचे अभ्यासक, अचलपूर (जि. अमरावती)