तक्रार: डोव्हटेल जिगची बेसप्लेट केंद्रात बसत नाही, आणि "फटीत भुसा भरा" हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि उत्पादन विभाग प्रमुख

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर सहाव्यांदा फोन केला. बावीस मिनिटांनी तो ठेवला तेव्हा तुमच्या माणसाने माझी तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद केली होती. म्हणून हे पत्र. जिग म्हणजे काय, गाईड बुश कशाला असतो, हे समजावण्यात वेळ घालवत नाही. वस्तू तुमची आहे, ती तुम्हाला माहीत असलीच पाहिजे; कंसातले खुलासे हे पत्र पुढे जो कोणी वाचेल त्याच्यासाठी आहेत.

तुमच्याकडून घेतलेल्या संचात हाफ-ब्लाइंड डोव्हटेल जिग (ड्रॉवरच्या कोपऱ्याच्या दोन फळ्या धरून त्यांत एकमेकांत अडकणारे तिरके दात कापायचा साचा; हा सांधा पुढून दिसत नाही), २२.२ मि.मी. अंतराच्या दातांचं ॲल्युमिनियम टेम्प्लेट (राउटरला वाट दाखवणारी बोटांची पट्टी), ११.१ मि.मी. बाहेरच्या व्यासाचा गाईड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, टेम्प्लेटच्या कडेला टेकून चालणारी कडी; बिट तिच्यातून खाली येतो), १२.७ मि.मी. १४ अंशांचा डोव्हटेल बिट (खाली रुंद होत जाणारं पातं) आणि ८ मि.मी. कोलेटचा राउटर (फिरत्या बिटने लाकडात खाच मारणारं मशीन; कोलेट म्हणजे बिट पकडणारा त्याचा भाग) आहे. मापं बरोबर आहेत. जोडी जमणारी आहे. बिघाड राउटरच्या बेसप्लेटमध्ये (बुश जिच्यात बसतो त्या तळाच्या प्लेटमध्ये) आहे: गाईड बुशचा मध्य आणि कोलेटचा मध्य एकमेकांवर येत नाहीत.

हे मी नजरेच्या अंदाजाने म्हणत नाही. टेम्प्लेट बाजूला ठेवलं, एमडीएफच्या तुकड्यावर सरळ पट्टी क्लॅम्पने आवळली, कोलेटमध्ये ६ मि.मी.चा सरळ बिट लावला आणि बुश पट्टीला टेकवून १०० मि.मी. लांब खाच मारली. मग राउटर १८० अंशात फिरवून त्याच पट्टीला टेकवून पुढची १०० मि.मी. मारली. दोन खाचा एका रेषेत यायला हव्यात. त्यांच्यात ०.७ मि.मी.ची पायरी पडली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ०.७. राउटर उलटा फिरवला की मध्यातली चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणजे बुश ०.३५ मि.मी. बाजूला बसला आहे. मग तोच बुश तुमच्याच कंपनीच्या माझ्या जुन्या राउटरवर चढवून तीच चाचणी केली. पायरी ०.१ च्याही आत आली. बुश निर्दोष आहे. नव्या मशीनची बेसप्लेट दोषी आहे.

कारणही सांगतो. बेसप्लेटच्या चारही भोकांना शंकूसारखी खळगी आहे आणि स्क्रू चपट्या डोक्याचे आहेत. असा स्क्रू आवळला की तो प्लेटला स्वतःच्या जागी ओढून घेतो, प्लेट केसभरही सरकवता येत नाही. कारखान्यात भोकं ०.३५ ने चुकली तर ती चूक कायमची झाली. जुन्या मॉडेलमध्ये भोकं स्क्रूपेक्षा मोठी होती, स्क्रू गोल डोक्याचे होते आणि सोबत मध्य साधायचा शंकू मिळायचा. शंकू कोलेटमध्ये घालायचा, प्लेट ढिली ठेवून तो बुशमध्ये टेकवायचा, मग स्क्रू आवळायचे. दोन मिनिटांचं काम. नव्या संचात शंकू नाही, आणि असता तरी प्लेट हललीच नसती.

०.३५ ने काय होतं, तेही लिहितो, कारण फोनवर प्रत्येकाने "एवढं चालतं" म्हटलं. राउटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दिशेला धरला तर ही चूक लपते, कारण प्रत्येक दात सारखाच सरकतो. बेसवर चिकटपट्टीची खूण करून, खूण कायम माझ्याकडे ठेवून तसंही करून पाहिलं. पण टेम्प्लेटच्या बोटांमधून आत-बाहेर करताना, विशेषतः रुंद फळीच्या टोकाला, मनगट वीस-तीस अंश वळतंच. तीस अंश वळलं की बिट ०.१७ मि.मी. बाजूला जातो. सागात हातोडीने ठोकून बसणारा सांधा आणि हाताने निघून येणारा सांधा यांत फरक तेवढाच असतो. त्यामुळे एकाच फळीवर तिसरा दात इतका घट्ट की खोबणीची कड फुटते, आणि पाचव्या दाताशेजारी पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

एकाच फळीवर. हे तुमच्या सगळ्या प्रतिनिधींना सांगून झालं आहे, तरी परत लिहितो. बिटची खोली कमी-जास्त केली की सगळे दात मिळून ढिले किंवा घट्ट होतात. बिट खाली घेतला की घट्ट, वर घेतला की ढिला. मी ९.२ पासून १०.१ मि.मी.पर्यंत खोली थोडी थोडी बदलत नेली. सैलपणा बदलला, दातादातांतला फरक तसाच राहिला. जो दोष एका दाताला आहे आणि शेजारच्याला नाही, तो खोलीचा असू शकत नाही. तो लाकडाचाही नाही: साग वाळवलेला आहे, मीटरवर १० टक्के ओल दाखवतो, आणि एमडीएफमध्येही पायरी तेवढीच पडते. चीरही गेलेली नाही, कारण उभ्या फळीच्या तोंडावर आधी उजवीकडून डावीकडे हलका हात मारूनच पूर्ण कट घेतो.

आता त्या बावीस मिनिटांबद्दल. मराठीसाठीचं बटण दाबलं, चौदा मिनिटं गाणं ऐकलं, मग "तांत्रिक तज्ज्ञ" लाइनवर आले. त्यांचा पहिला प्रश्न, राउटरला वीज येते का. येते म्हटलं. कुठलं लाकूड? साग. "मग साग ओला असेल, सर." मीटरचा आकडा सांगितला. "मग मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरा." मी म्हटलं, प्रश्न पकडीचा नाही, बुशचं केंद्र आणि कोलेटचं केंद्र एक नाही. त्यावर ते म्हणाले, "केंद्र हवं असेल तर तुमच्या जवळच्या सर्व्हिस केंद्राचा पत्ता मेसेज करतो." मी शांतपणे पुन्हा सांगितलं, केंद्र म्हणजे मध्य, सेंटर. थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "फट किती आहे?" सर्वांत मोठी अर्धा मिलिमीटर. तेव्हा ते जे बोलले ते शब्दशः लिहून ठेवलं आहे: "एवढंच ना सर? भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फटीत भरा, वरून पॉलिश मारा. गिऱ्हाईकाला कळत नाही."

गिऱ्हाईकाला कळत नाही! हे वाक्य लाकडाची हत्यारं विकणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाचं आहे. फटीत भरलेल्या फेव्हिकॉलला पॉलिश धरत नाही, मेलामाइन पॉलिशखाली तो फिकट डाग म्हणून उठून दिसतो. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एका वर्षात तो भराव भेगाळून बाहेर येतो. पण दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट ताकदीची आहे. ड्रॉवर उघडताना दर वेळी पुढची फळी ओढली जाते, आणि ती ओढ दातांच्या तिरक्या बाजूंनी पेलावी म्हणूनच डोव्हटेल घालतात. तिरकी बाजू लाकडाला टेकलीच नाही तर तिथे फक्त भुशाचा लगदा राहतो. मग खिळे मारलेला ड्रॉवर आणि हा यांत फरक काय? तज्ज्ञांनी मला माझ्या गिऱ्हाईकाला फसवायचा सल्ला दिला आणि लगेच विचारलं, "तक्रार सोडवली असं नोंदवू का? पाच स्टार दिले तर बरं होईल." मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मेसेज आला: तक्रार बंद.

याआधी पाचव्या फोननंतर तुम्ही बुश बदलून पाठवला होता. बुश चांगला आहे हे मी लिहून कळवलं असताना बुशच बदलला. आणि जो पाठवला त्याची मान (राउटरच्या तळाखाली उतरणारी नळी) ७.४ मि.मी. आहे, टेम्प्लेट ६.५ मि.मी. जाड. बुशची मान टेम्प्लेटपेक्षा कमी असावी लागते, नाहीतर ती लाकडावर टेकते, राउटरचा तळ टेम्प्लेटला लागत नाही आणि मशीन बुशवरच डुलतं. दोन्ही वस्तू हातात धरल्या तर ते दिसतं. पॅक करणाऱ्याने धरल्या नाहीत. मूळ बुश ५.५ मि.मी.चा होता, तोच वापरतो आहे.

जिगच्या उजव्या बाजूचा स्टॉपही (फळी जिथे टेकवायची तो अडसर) चुकला आहे. उभी आणि आडवी फळी एकमेकींपासून दातांच्या अर्ध्या अंतराने, म्हणजे ११.१ मि.मी.ने सरकलेल्या हव्यात. डावीकडे ११.१ भरतं, उजवीकडे १०.५. ड्रॉवरचे दोन कोपरे डावीकडे कापावे लागतात आणि दोन उजवीकडे, म्हणून दर ड्रॉवरचे दोन कोपरे वरच्या काठाला ०.६ ने पायरी देतात. हे तिसऱ्या फोनवर सांगितलं होतं. नोंद सापडत नाही म्हणतात.

सर्वांत गंभीर गोष्ट आता लिहितो, कारण इथे हात जाऊ शकतो. तुमच्या माहितीपत्रकात सहाव्या चित्राखाली लिहिलं आहे, "कट पूर्ण झाल्यावर राउटर वर उचला." हे सरळ चूक आहे. डोव्हटेल बिटचं डोकं १२.७ मि.मी.चं आणि टेम्प्लेटची फट बुश जाईल एवढी, ११ च्या आसपास. फिरतं मशीन वर उचललं तर ते डोकं ॲल्युमिनियमच्या बोटांत घुसतं, दात उडतो, टेम्प्लेट जातं आणि कार्बाइडचा तुकडा कुठेही उडू शकतो. योग्य कृती अशी: कट झाला की राउटर टेम्प्लेटवर सपाट ठेवूनच सरळ आपल्याकडे ओढून पूर्ण बाहेर काढायचा, स्विच बंद करायचा, बिट थांबल्यावरच उचलायचा. तसंच हा बिट बुशच्या भोकातून मागे जात नाही, म्हणून खोली लावल्यावर प्लंज कुलूप (मशीन त्या खोलीला पक्कं धरणारी कळ) सोडायचं नाही. सोडलं तर स्प्रिंग मशीन वर ढकलते आणि बिटचं डोकं बुशवर आदळतं. या दोन्हींपैकी एकही इशारा पत्रकात नाही. ज्याने पहिल्यांदाच जिग घेतली आहे तो चित्र बघून तसंच करेल. हे पान आजच मागे घ्या.

तुमचा जुना राउटर माझ्याकडे नऊ वर्षं चालतो आहे. एकदा बेअरिंग बदललं, तीनदा कार्बन ब्रश. कोलेट अजून तसाच घट्ट धरतो. त्या मशीनच्या भरवशावर हा संच घेतला, आणि ओळखीच्या दोन कारागिरांनाही घ्यायला सांगणार होतो. आता सांगणार नाही. जे मशीन मध्य साधायची सोय देत होतं तेच पुढच्या मॉडेलमध्ये ती सोय काढून विकलं जातं, याचं वाईट वाटतं.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. सैल भोकांची आणि गोल डोक्याच्या स्क्रूंची बेसप्लेट, मध्य साधायचा शंकू, आणि ११.१ मि.मी.चा उजवा स्टॉप. ने-आण तुमच्या खर्चाने. दुरुस्त पत्रक, आणि ज्यांनी हा संच घेतला त्या सर्वांना उचलण्याच्या चुकीबद्दल लेखी सूचना. हे जमत नसेल तर संपूर्ण रक्कम परत. पत्र मिळाल्यापासून १५ दिवस.

त्यानंतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. "धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही" हे उत्तर तयार ठेवू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत येते, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. त्याच कायद्यात उत्पादकाने योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नाहीत तर त्याची जबाबदारी सांगितली आहे. सहावं चित्र मी तिथे जोडेन.

सोबत बिलाची प्रत, सहा फोनच्या तारखा-वेळा, बंद केलेल्या तक्रारीचा मेसेज आणि एमडीएफचा चाचणी तुकडा पाठवतो आहे. तुकड्यावर पेन्सिलने दोन बाण काढले आहेत, एक खूण माझ्याकडे असतानाच्या खाचेचा, एक फिरवल्यानंतरचा. दोन्ही खाचा जिथे मिळतात तिथे व्हर्निअर लावा. उत्तर द्यायचं ते तो आकडा स्वतः पाहिलेल्या माणसाने द्यावं.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर)