आक्का, मीठ कमी पडलंय म्हणालात म्हणून

आक्का,

खरं तर हे पत्र लिहिण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "काय खुळ्यागत करालीस? आभार कसले मानतीस?" आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून न विचारता लिहितेय, आणि चार लोकांच्या देखत लिहितेय. नाव घालत नाही. गल्लीतले ओळखायचे ते ओळखतीलच. नात मोबाईलवर वाचून दाखवेल, तेव्हा चष्मा शोधत बसू नका.

गेल्या वर्षी वळवाच्या पावसाच्या सुमारास ह्यांचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. कोल्हापूरजवळ शिरोलीकडचं वर्कशॉप, कुठलं ते सांगत नाही. मालक दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला, एक पगार दिला आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याचा फोन लागेनासा झाला. दोन बोटं गेली. सात महिने हे घरात बसून होते. शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत चालवून, पिको-फॉल आणि ब्लाऊज मिळून माझे 11 हजार व्हायचे. त्यातले 4,000 भाड्याचे, 600 लाईटचे, 900 गॅसचे, 1,000 पोरांच्या शाळेचे, 500 सासूबाईंच्या गोळ्यांचे आणि 1,000 बचत गटाच्या हप्त्याचे. उरले 3,000. माणसं पाच. म्हणजे दिवसाला 100 रुपये. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट, म्हणून भात-चपातीची तेवढी काळजी नव्हती. पण नुसता भात कुणाच्या घशाखाली उतरतोय? डाळ, तेल, भाजी, दूध, चहा, सगळं त्या शंभरात बसवायचं होतं.

हा हिशोब मी तेव्हा कुणाला सांगितला नव्हता. आज सांगते, कारण आता लाज वाटत नाही.

त्या दिवसांत सल्ले मात्र फुकट आणि मुबलक मिळाले. एक जवळची बाई म्हणाली, "बाहेरचं खाणं कमी करा." आम्ही शेवटचं बाहेर खाल्लं होतं ते धाकट्याच्या वाढदिवसाला, रंकाळ्यावर, दोन प्लेट भेळ चौघांत. मोबाईलवर 'कमी खर्चात जेवण' असं शोधलं, तर एक ताई हसत हसत अर्धी वाटी काजू भिजत घालायला सांगत होत्या. मग एका मंडळानं धान्याचं किट दिलं. किट चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते घेताना मला दारात उभं करून तीन वेळा फोटो काढला, कारण पहिल्या दोन्हींत माझी मान खाली होती. "वैनी, जरा वर बघा की." त्या किटातली तूरडाळ शिजवताना दर वेळी ते वाक्य आठवायचं.

आणि पाहुणे. पाहुण्यांचं मला सगळ्यांत जास्त लागलं. यायचे सगळे, आले नाहीत असं नाही. पण आमच्या घरात कुणी जेवेना. "नको, नको, आत्ताच जेवून आलोय." चहा ठेवते म्हटलं तर "कशाला उगीच त्रास." ह्यांची बहीण तर दोन घास खाऊन "छान झालंय हं वहिनी" म्हणाली आणि ताट तसंच सारलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आमच्या पातेल्यातलं कमी होऊ नये म्हणूनच ते नको म्हणत होते. पण आक्का, ज्या घरात पाहुणा जेवत नाही त्या घरातल्या बाईला काय वाटतं, ते त्यांना कुणी सांगायचं? कोल्हापुरात माणूस दारात आला की "जेवलाईसा काय?" हे आधी, बाकीचं नंतर. मी विचारायचंच सोडून दिलं होतं.

आणि मग तुम्ही आलात. श्रावण लागला होता एवढं आठवतं. भर दुपारी, छत्री दारात आपटून, हातात काही न घेता. पिशवी नाही, फळं नाही. त्याआधी आपली ओळख ती केवढी? पाण्याच्या नळावरची. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात, पाट ओढलात आणि म्हणालात, "लई भूक लागल्या. काय केलाईस? वाड."

माझ्या हातापायातलं बळच गेलं. पातेल्यात मसुराची आमटी होती, पण मसूर मोजून दोन मुठी आणि पाणी डोळे मिटून घातलेलं. भाकरी होती, कांदा होता. दुसरं काही नव्हतं. मी वाढलं. तुम्ही भाकरी कुस्करली, वर आमटी ओतलीत, पहिला घास खाल्लात आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "मीठ कमी पडलंय गं. आणि शेंगदाण्याचं कूट भाजून घालायचं होतंस, आमटी मिळून आली असती."

एवढं बोलून वाटी पुढं केलीत. "आणि वाड जरा."

मी भिंतीकडं तोंड करून रडले. तुम्ही भाकरी चावत विचारलंत, "मिठाला रडालीस व्हय?"

नंतर मी खूपदा विचार केला, की तुम्ही गोड बोलला असता तर मला एवढं बरं वाटलं असतं का? नसतं वाटलं. 'छान झालंय' हे शब्द त्या काळात मी इतक्या वेळा ऐकले होते की त्यांना दवाखान्याचा वास यायला लागला होता. ज्याची कीव येते त्याच्या आमटीत कुणी खोट काढत नाही. तुम्ही खोट काढलीत, म्हणजे तुमच्या लेखी मी एक धड स्वयंपाक करणारी बाई होते आणि माझी आमटी थोडी चुकली होती. बस्स. त्या सगळ्या दिवसांत मला कुणी एवढा मान दिला नव्हता.

आपल्या गावात शाहू महाराज आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात. ज्या गंगारामला पाण्याला शिवला म्हणून मारलं, त्याला महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि त्याच्या हातचा चहा लोक पिईनात म्हटल्यावर स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. माझं दुःख त्या दुःखाच्या नखाएवढंही नाही आणि तुम्हाला महाराजांच्या पंगतीला बसवलं तर तुम्हीच मला झाडू घेऊन मारायला याल. पण शाळेत ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, चहा पिण्यात काय एवढं? पैसे दिले, जागा दिली, ते मोठं. आता कळतं.

त्यानंतर तुम्ही काय काय शिकवलंत ते सगळं इथं मांडत नाही, बायकांना बरंच माहीत असतं. मलाही माहीत होतं की. दोडक्याच्या शिरांची चटणी माझी आई करायची. फ्लॉवरचा दांडा, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या टाकायच्या नसतात हे काही नवं नव्हतं. फरक एवढाच, की आई ते सहज करायची आणि मी ते चोरून करत होते, कुणी बघेल म्हणून. तुम्ही मंगळवार पेठेत 22 वर्षं खानावळ चालवलीत. "पोरं चाळीस आणि डाळ तिसांची, हे माझं रोजचं गणित हुतं," असं तुम्ही सांगायचा ते अशा थाटात, की जसं कुणी कुस्तीचं मैदान मारल्याचं सांगावं. गडहिंग्लज, चंदगडची ती पोरं, कुणाची मनीऑर्डर यायची, कुणाची यायची नाही. पण वीस तारखेनंतर रस्सा पातळ झाला तरी ताटावरून कुणी उठलं नाही, हे तुम्ही दहादा सांगितलंत. अकराव्यांदाही ऐकेन.

तुमचं ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं तुम्ही आणून दिलंत तो दिवस आठवतो. खानावळीतलं, बुडाला चेंबलेलं. मसुराला एक सणसणीत उकळी आणायची, झाकण घालायचं आणि पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. तासाभरानं मसूर मऊ. सासूबाई म्हणाल्या, "गोधडीत काय बाळ निजवलंय का?" कुकर दिवसातून एकदाच, खाली डाळ, मधे भात, वर बटाटे. हुलगे, म्हणजे कुळीथ, रात्री भिजवल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही. महिन्यात संपणारी टाकी 40 दिवस गेली तेव्हा मी कॅलेंडरवर गोल केला होता, तो अजून आहे. संध्याकाळी पोरांना बिस्किटाऐवजी हुलग्याचं माडगं, गूळ घालून. थोरल्यानं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. पावसात भिजून आला त्या दिवशी दोन वाट्या प्याला.

लक्ष्मीपुरीत भाजीला रात्री आठनंतर जायचं, तेव्हा वाटा स्वस्तात सुटतो, हे मला ठाऊक होतं. जायला पाय धजत नव्हते. पहिल्या वेळी तुम्ही बरोबर आलात आणि दहा रुपयांच्या मेथीच्या वाट्यावरून अशी घासाघीस केलीत, की भाजीवालीच हसायला लागली. परत येताना म्हणालात, "पैसं न्हाईत म्हणून कमी करून मागायचं न्हाई. मेथी सुकल्या म्हणून मागायचं." हे वाक्य मी जपून ठेवलंय.

चटणीचं तर लिहायलाच हवं. चैत्रात वर्षाची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, घालायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, वर कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि डंकावरचं कांडप वेगळं. मी म्हटलं, यंदा विकतची पुडी आणू. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी अंबाबाईच्या देवळात चप्पल घालून शिरले. "चटणी चांगली असली की पाण्याचाबी रस्सा हुतोय. तिथं हात आखडायचा न्हाई, दुसरीकडं आखड." मग तुमच्या पाच किलोत माझी दोन किलो घातलीत, म्हणजे कांडपाला एकच खेप. हिशोब मात्र पैशापैशाचा केलात आणि माझ्या वाटणीचे पैसे तीन महिन्यांत घेतलेत. घेतलेत, याचे वेगळे आभार.

घरात सांडगे, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, डांगराचं म्हणजे उडदाचं पीठ का असावं ते तुम्ही पुरावरून सांगितलंत. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. गावात भाजी येईना, दूध मिळेना आणि पेट्रोलला रांगा लागल्या. तेव्हा ज्यांच्या डब्यात वाळवण होतं त्यांच्या घरात भाकरीबरोबरचं कोरड्यास शिजत होतं. 2021 ला परत तेच. तुम्ही म्हणालात, "गरिबीबी पुरासारखीच. येती, चिखल करती, जाती. डबं भरलेलं असलं म्हंजे झालं." जाते की नाही ते मला अजून नक्की माहीत नाही, आक्का. पण सांडग्यांचा डबा भरलाय.

आणि रविवार. शाकाहारी माणसाला हे कळायचं नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ज्या गावानं 2019 मध्ये मटणाच्या दरासाठी आंदोलन केलं, त्या गावात चार महिने घरात मटण नाही म्हणजे काय, ते इथलाच जाणे. पाव किलो मागायला दुकानात जायची लाज वाटायची. तुम्ही म्हणालात, पाव किलोच आण. मग त्या पाव किलोचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढलंत, निम्म्यात पांढरा रस्सा, निम्म्यात तांबडा, आणि पाच माणसं घाम पुसत जेवली. मटणाचे तुकडे प्रत्येकी दोन-दोन आले असतील. कुणी मोजले नाहीत. "तांबडा-पांढरा कशापायी निघाला असंल असं वाटतंय तुला?" असं तुम्ही विचारलंत. "घरात माणसं लई आणि मटण थोडं, दुसरं काय!" इतिहास काय सांगतो तो सांगो, मला तुमचं पटतं. ह्यांनी त्या दिवशी डाव्या हातानं रस्सा ओरपला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "आणि वाड."

हे आता गोकुळ शिरगावला स्टोअरकीपर म्हणून लागलेत. पगार आधीपेक्षा कमी आहे. गटाचे चार हप्ते राहिलेत. म्हणजे सगळं सुरळीत झालं म्हणून मी हे लिहितेय असं कुणी समजू नये, अजून शंभराचे दीडशेच झालेत. पण आता पाहुणे आले की मी आधी ताट मांडते, मग विचारते. नको म्हणणाऱ्याला सोडत नाही. परवा खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, तरणी पोरगी, नवरा कुठं कामाला दिसत नाही. काल तिच्याकडं गेले, पाटावर बसले आणि जे होतं ते मागून खाल्लं. पिठलं होतं. गुठळ्या झाल्या होत्या, तसं सांगितलं. तुमच्यासारखं मला जमलं नाही, माझं मलाच हसू आलं. पण तिनं दुसऱ्यांदा वाढलं.

ह्या रविवारी जेवायला या. अर्धा किलो आणणार आहे. आणि जाताना तुमचं जर्मनचं पातेलं घेऊन जा, वर्ष होत आलं, माझ्याकडंच आहे. नाही नेलंत तरी चालेल.

तुमची,
नळावरची शेजारीण