काळीच्या पायात चप्पल नव्हती

वायरमन भाऊ,
सादर नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही सामानाचे तेवढे पैसे घेतले, मजुरीला हात लावला नाही. चहा अर्धा ठेवून उठलात, गाडीला किक मारली आणि पुढच्या गावाला निघून गेलात. आभार मानायचे राहून गेले. ते आज सगळ्यांसमोर मानते, कारण आपल्या भागात यंदा कितीतरी जण घरकुलात राहायला गेले आहेत आणि त्यांच्याही दारात आमच्या काळी कुत्रीसारखं एखादं जनावर बसलेलं असेल.

आमचं घरकुल उभं राहिलं तेव्हा अक्षय्य तृतीया उलटून गेली होती. २६९ चौरस फुटांचं घर, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब. जुनं मातीचं घर तिथून हाकेवर. माणसं एका दिवसात नव्या घरची झाली. काळी मात्र आत येऊनच नव्हती राहिली. नऊ वर्षांची कुत्री, जुन्या घरी भर उन्हाळ्यात सारवलेल्या भुईवर आमच्या पायाशी झोपणारी. इथं पारा ४५ च्या वर, बाहेर झळा, आणि ती जीभ काढून लिंबाच्या तोकड्या सावलीत पडून. एका दुपारी मी तिला पट्ट्याला धरून आत ओढलं. उंबरठ्याच्या आत पाऊल पडताच तिनं असा टाहो फोडला की शेजारच्या बाया धावल्या. जन्मात कधी दात न दाखवलेली काळी माझ्यावर गुरगुरली. मला रडू आलं.

सासूबाई म्हणाल्या, तिला जुन्या मातीचा वास हवा. कोणी म्हणालं, घराची शांती नीट झाली नसेल, काळ्या कुत्रीला दिसते ते आपल्याला दिसत नाही. मीसुद्धा दोन दिवस संध्याकाळी दारात निंबू-मिरची बघत बसले.

तुम्ही आलात ते पंख्याचा आवाज येतो म्हणून. गाडी लावता लावता काळीकडे बघितलंत आणि विचारलंत, "हे आत काऊन येत नाही?" मी सगळं सांगितलं. तुम्ही वर पंख्याकडे बघितलंच नाही. दारातच उकिडवे बसलात, कूलरच्या पायापासून निघालेली पाण्याची बारीक धार नजरेनं उंबरठ्यापर्यंत नेलीत, खिशातला टेस्टर काढून कूलरच्या पत्र्याला टेकवलात. टेस्टर लागला. तो लाल ठिपका मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

"ताई, तुमच्या पायात रबरी चप्पल हाये, म्हून तुम्हाले नुसतं झिणझिण लागते. हिच्या पायात काय हाये?"

मेन स्विच पाडून तुम्ही कूलर उघडलात. पाण्याच्या पंपाच्या वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. थ्री-पिनच्या अर्थिंगच्या, म्हणजे गळता करंट जमिनीत नेणाऱ्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. जुन्या घरी हाच कूलर लाकडी स्टुलावर असायचा, पाणी सांडलं तर भुई पिऊन टाकायची. इथं आम्ही तो दाराजवळ फरशीवर ठेवला आणि ओली फरशी काळीच्या चारही पायांखाली आली. जनावराला झटका बसला की करंट पुढच्या पायांतून मागच्या पायांत जातो, मधे छाती येते, काळीज येतं, हे तुम्ही समजावलंत तेव्हा माझे हात गार पडले. मी तिला त्याच पाण्यावर ओढत होते. आणि आठच दिवसांनी माझी रांगती भाची सुट्टीला येणार होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. अर्थिंगसाठी घरामागं खड्डा खणून घेतलात, पाइप उभा केलात, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं भरलंत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग कामाचं राहत नाही, म्हणून रोज बादलीभर पाणी घालायला सांगितलंत. तसं ते घालतो. ओल बघून काळी तिथंच लोळायला लागली तेव्हा तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे भोवती विटांचं कडं करून वर झाकण ठेवलं. बोर्डात आरसीसीबी बसवलीत. गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती वीज तोडते. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे सासूबाईंनीच लक्षात ठेवलं आहे. कूलर आता खिडकीबाहेर स्टँडवर आहे, आणि पाणी भरताना आधी पिन काढायची हा घराचा नियम झाला आहे.

बाकीचंही तुम्हीच दाखवलंत. जमिनीपासून हातभर उंचीवरचा बोर्ड, त्यातून लोंबणारी चार्जरची वायर, पलंगाखाली ठेवलेल्या फवारणीच्या बाटल्या आणि उंदराच्या औषधाची पुडी. एकाच खोलीत संसार, म्हणून सगळं खालीच सरकवलं होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हा किती हळहळलो होतो, आणि औषध मात्र मांजराच्या नाकाजवळ ठेवून झोपत होतो. आता ते बाहेर कुलपाच्या पेटीत आहे.

मनी मांजरीचं सांगायचं राहिलं. ती तीनदा जुन्या पडक्या घरी पळाली. घरभरणीसाठी मी सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या होत्या, तिच्या ओळखीचा वासच उरला नव्हता. तुम्ही म्हणालात, जुन्या घरातलं काहीतरी न धुतलेलं आणा आणि दोन-तीन आठवडे तिला आतच ठेवा. पडक्या घराच्या फळीवर एक पोतं सापडलं, तिचेच केस चिकटलेलं. ते कोपऱ्यात टाकलं. आता ती बाहेर जाते आणि संध्याकाळी परत येते.

काळीला मात्र वेळ लागला. पाच दिवस ती उंबरठ्याशी येऊन नाक खाली घालून फरशी हुंगायची आणि मागं फिरायची. आम्ही बोलावलं नाही, ओढलं तर मुळीच नाही. तुम्हीच बजावलं होतं, तिचा भरवसा तिलाच येऊ द्या. फरशीवर कोरडं तरट टाकून ठेवलं होतं. सहाव्या दिवशी दुपारी मी तूर निवडत असताना तिनं एक पंजा तरटावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग दुसरा. मी सूप हलवायचं थांबले. ती आत आली, कूलरच्या वाऱ्याखाली तीन गिरक्या घेतल्या आणि धपकन आडवी झाली.

भाऊ, पावसाळ्यात तार तुटून पडली तर जनावराला सोडवायला धावायचं नाही, लांबच उभं राहून १९१२ ला फोन करायचा, हे तुमचं सांगणं मी बचत गटातल्या सगळ्या बायांना सांगितलं आहे. त्यांतल्या चौघींच्या घरचे कूलर तपासायचे आहेत. पोळ्याला जोडीनं जेवायला या, तेव्हा त्यांच्याकडेही जाऊ. तुमचा टेस्टर आमच्या खिडकीत राहिला होता, तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवला आहे.

तुमची,
काळी-मनीच्या घरची ताई