नळीवरची खूण बघायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आम्हा सगळ्याजणींचं हे पत्र. सिडको असो की पंचवटी, पक्षाघाताचा रुग्ण नाकातून पोटात जाणाऱ्या अन्नाच्या नळीवर घरी आला की आम्ही तुम्ही लावून दिलेल्या शिस्तीनेच कामाला लागतो. त्याबद्दल मनापासून आभार.

आधी तुम्ही नळीच हातात दिलीत. ही राइल्स ट्यूब साधारण १०५ सेंटिमीटर लांब, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा १४ किंवा १६ नंबरची. नंबराला तीनने भागलं की बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये कळते. म्हणजे १६ नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, आणि आतली वाट त्याहूनही बारीक. ती वाट एकदा नीट पाहिली की घट्ट पेज ओतायला हात धजत नाही.

पण सगळ्यात मोठे उपकार त्या खुणेचे. नळी घालणं आणि एक्स-रेने तिची जागा पक्की करणं हे डॉक्टरांचं, नर्सचं काम. आमचं काम म्हणजे नाकपुडीपाशी मार्करने केलेली खूण आणि तिथला सेंटिमीटरचा आकडा प्रत्येक फीडच्या, म्हणजे नळीतून अन्न देण्याच्या, आधी बघणं. खूण बाहेर सरकली असेल तर फीड बंद, आणि नळी आपल्या हाताने परत आत ढकलायची नाही. टोक वर येऊन घशात अडकलेलं असू शकतं, मग दूध थेट श्वासनलिकेत उतरतं. पक्षाघातात कित्येकांना ठसकाही लागत नाही, म्हणून ठसका नाही म्हणजे नळी जागेवर, हा हिशेब चुकीचा. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी पद्धत अजून बरेच जण वापरतात. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो, हे तुम्ही समजावलंत. सिरिंजने नळीतून ओढलेलं पाणी आम्लता (पीएच) मोजणाऱ्या पट्टीवर तपासायचं. पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर पोटातलं. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर आकडा वर जातो, तेव्हा अंदाज न बांधता विचारायचं.

फीडची रीतही तुमचीच. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. आधी ३० मिली कोमट पाणी. मग ५० मिलीच्या सिरिंजमधला दट्ट्या काढायचा, नळी चिमटीत धरायची, फीड ओतायचं आणि चिमूट सोडायची. २०० ते २५० मिली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू द्यायची. दट्ट्याने रेटलं की पोट एकदम ताणतं आणि उलटी होते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, आणि निदान अर्धा तास तरी रुग्णाला आडवं करायचं नाही.

आपल्याकडे नागलीची पेज हमखास असते, आणि ती निवली की दाटते. थंडीच्या दिवसांत तर भांड्यातून सिरिंजमध्ये येईपर्यंत घट्ट होते. म्हणून पातळ करायची, मलमलच्या फडक्याने दोनदा गाळायची आणि कोमट असतानाच द्यायची. इसबगोल नळीतून कधीच नाही, ते आतच फुगतं. गोळ्या एकेक वेगळी कुटून, मध्ये पाणी सोडून. एसआर (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कुटायची नाही, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यायचा. नळी तुंबलीच तर कोमट पाणी भरून दट्ट्या हलकेच मागे-पुढे करायचा. तार घालायची नाही, जोर लावायचा नाही.

लघवीच्या नळीचंही तसंच. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. कूस बदलताना ती रुग्णाच्या अंगावरून उचलून नेली की साचलेली लघवी मागे जाते, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि चिकटपट्टी! नळी नाकपुडीवर ताणून चिकटवली की तिथे जखम होते. पट्टी रोज बदलायची, जागा थोडी हलवायची, त्वचा कोरडी करूनच नवी लावायची. जखम झाल्यावर मलम लावण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

रात्री अकराला फोन केला तरी तुमचा पहिला प्रश्न एकच असतो, "खूण किती आकड्यावर आहे?" आता तो आकडा बघूनच आम्ही फोन लावतो.

आपल्या कृतज्ञ,
घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या आम्ही सगळ्याजणी, नाशिक