बंड्यास पत्र

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

वर्षभर साधा फोन नाही आणि आज एकदम पत्र. घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच. अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदू काढलं.

लिहायला बसलो, कारण शुक्रवारी रात्री मला तुझी २०१४ ची ती रात्र कळली.

आपण लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेला पीसी अखेर थकला. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आपल्या डब्यात कुठून येणार? म्हणून नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, १ टीबीची एनव्हीएमई (पट्टीसारखी वेगवान डिस्क) आणली. सगळं मी एकट्याने जोडलं. ती एम.२ ची पट्टी दाबून धरणारा तांदळाएवढा स्क्रू कपाटाखाली गेला, तो आईने केरसुणीने काढून दिला.

तू म्हणशील, “क्लीन इन्स्टॉल मार, सगळं पुसून विंडोज नव्याने टाक आणि मोकळा हो.” सर्दी असो की हाड मोडलेलं असो, तुझं औषध एकच! पण अप्पांचं तुला माहीत आहे. सकाळी सातला बसतात आणि रेमिंग्टन टाइपरायटरच्या सवयीने, न बघता निमंत्रणपत्रिका टाइप करतात. ते जुने फॉन्ट, ते टायपिंगच्या सॉफ्टवेअरची किल्ली असलेलं डोंगल, ‘मुंज’ नावाचं फोल्डर डावीकडे खालून दुसरं. ते बोटभर इकडेतिकडे झालं तरी माणूस दिवसभर कावराबावरा. त्या सॉफ्टवेअरची सीडी तर केव्हाच खराब झाली. मला तोच पडदा, तसाच्या तसा, नव्या डिस्कवर हवा होता.

क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने कॉपी पंचवीस मिनिटांत झाली. मशीन चालू केलं तर विंडोजऐवजी सरळ बायोसमध्ये, बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जुनी डिस्क भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची, आणि या बोर्डाला यूईएफआयने, म्हणजे नव्या तऱ्हेने, चालू व्हायला नवी जीपीटी पद्धत हवी. ते मला सुचायला रात्रीचा एक वाजला. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू करून ही पद्धत बदलणारा एमबीआर-टू-जीपीटी प्रोग्राम चालवला, तर व्हॅलिडेशनलाच, म्हणजे आधीच्या तपासणीतच, नकार. मग डोकं फिरलं. म्हटलं, नवी डिस्क कोरी करू आणि पहिल्यापासून सुरू करू. डिस्क पुसायचा डिस्कपार्ट प्रोग्राम उघडला, सिलेक्ट डिस्क झिरो टाइप केलं, मग क्लीन. तो प्रोग्राम एका शब्दाने विचारत नाही की बाबा, नक्की का?

बोट एंटरवर होतं. नजर सहज वर गेली. डिस्क झिरोसमोर लिहिलं होतं २२३ जीबी. नवी तर ९३१ दाखवते.

ती जुनी होती, बंड्या. अप्पांची.

मी खुर्चीतून उठलो, प्लग काढला, जुन्या डिस्कची साटा केबलही काढली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हात थरथरत होते. तेव्हा मला तू दिसलास. रात्री तीन वाजता, माझ्याच खोलीत, माझ्याच कामासाठी दोन रात्री जागलेला. डी ड्राइव्हचा बॅकअप घेऊन तू सी ड्राइव्ह पुसलास, डेस्कटॉप सीमध्ये असतो हे निसटलं. अप्पांच्या तीन वर्षांच्या पत्रिका गेल्या. अप्पा चकार शब्द बोलले नाहीत, पुन्हा टाइप करायला बसले. बोललो तो मी. आणि काय काय बोललो! तुझ्या साखरपुड्यालाही आलो नाही. तू बेफिकीर नव्हतास, झोपेने डोळे मिटत होते तुझे. इतकं साधं मला बारा वर्षं कळलं नाही. माफ कर रे.

शनिवारी झोप झाल्यावर काम अर्ध्या तासात झालं. त्या एमबीआर-टू-जीपीटीला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, चालत नाहीत, आपल्याकडे चार होते. कॉपीवरचं रिकव्हरी पार्टिशन उडवलं, व्हॅलिडेट झालं, कन्व्हर्ट झालं, आणि पडद्यावर ‘मुंज’ डावीकडे, खालून दुसरं! विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन गेलं होतं, बोर्ड बदलला ना, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून परत मिळालं. विंडोज ११ ला अजून हात लावलेला नाही, आधी या डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण प्रत, बाहेर काढून ठेवतो.

आज अप्पा बसले. “लवकर चालू झाला,” एवढंच म्हणाले आणि टाइप करू लागले. मग मी त्यांना शुक्रवारचं सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवले. “बंडूला कळवलंस?”

तुझी बदली पुण्यालाच राहिली ना? चिऊची दहावी यंदा की पुढच्या वर्षी? वहिनींना नमस्कार सांग. ठाण्याला ये, मामलेदारला मिसळ खायला जाऊ, तिखट तू खा, मी मध्यम.

तुझा,
सुन्या

ता. क. जुनी डिस्क पुसलेली नाही, अप्पांच्या कपाटात ठेवली आहे. रिकामा डबा मात्र दारामागे उभा आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्यात तुझे चार हजार आहेत, तुला विचारल्याशिवाय देणार नाही.