पहिली रायफल .22 चीच हवी

संपादक महोदय,

मुळशी-भोरकडे रानडुकरांनी उभे पीक लोळवले की ‘कोणती रायफल घ्यावी’ हा प्रश्न निघतो आणि ज्याने कधी नेम धरलेला नाही, त्यालाही उत्तर एकच मिळते: .315 (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत). परवान्याच्या अर्जातच शस्त्राचा प्रकार लिहावा लागत असल्याने खांद्याला लावून पाहण्याआधीच निवड होऊन बसते.

.315 ची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 16 ग्रॅमची. साडेतीन किलोच्या रायफलीतून गोळी सुटताना खांद्याला बसणारा तिचा धक्का 20 ते 25 ज्यूल (ऊर्जेचे एकक) असतो; .30-06 चाही साधारण तेवढाच. परदेशात नवशिक्या शिकाऱ्याला सुचवली जाणारी .243 याच्या निम्म्यावर येते, .223 पाच ज्यूलच्या आसपास आणि .22 लाँग रायफल (.22 चे नेहमीचे काडतूस) अर्ध्या ज्यूलच्याही खाली. .22 आणि .223 यांच्या गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखीच, तरी धक्क्यात एवढा फरक. कारण धक्का गोळीच्या वजनावर, वेगावर आणि काडतुसातल्या दारूच्या प्रमाणावर ठरतो. नुसता बोअरचा आकडा वाचून धक्का कळत नाही.

खांदा दुखतो ते सोसता येते. नुकसान वेगळेच होते: दहा-बारा काडतुसांतच शरीर धक्क्याची वाट पाहू लागते. ट्रिगर सुटण्याआधी डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो, गोळी खाली जाते. हे ओळखायला साथीदाराने न सांगता मध्येच डमी (न उडणारे, सरावाचे) काडतूस भरावे. आवाज न होता नळीचे तोंड खाली गेले, तर सवय लागलीच म्हणायची. मग .22 वर परतण्यावाचून इलाज नाही. गोळी न झाडता नुसत्या ट्रिगरचा सराव करायचा असेल तर .22 मध्येही डमी घालूनच करा; नाहीतर फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी खीळ) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, कडेवर आपटून ती कड खराब होऊ शकते.

हलकी रायफल नवशिक्याला बरी, हाही गैरसमजच. काडतूस तेच राहिले तर वजन जितके कमी, धक्का तितका जास्त. रायफलीचा दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) कोपराच्या खोबणीत टेकवून हात काटकोनात ठेवल्यावर तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर आले पाहिजे. दस्ता लांब पडला की तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसतो. दस्त्याच्या टोकाला रबरी पॅड लावावे. दुर्बीण असेल तर डोळ्यापासून 8-9 सेंटिमीटर लांब. भुवया फुटतात त्या इथेच चुकल्याने. आवाजाचा धसकाही धक्क्याइतकाच वाईट, म्हणून .22 लाही कानावर संरक्षण हवेच.

.22 म्हणजे पोरखेळ, असे कोणी समजू नये. बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकले, ते .22 वरच. पण डुकरावर ती चालवू नये. जनावर जखमी होऊन उसात शिरते आणि मग माणसांवर उलटते. शिवाय चुकलेली गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. त्यांतले पहिले .22 असावे. त्यावर 50 मीटरवरून बशीएवढ्या वर्तुळात सलग दहा गोळ्या बसू लागल्या, की मग .315 चा विचार करावा आणि तीही एका बैठकीत पाच-सहा काडतुसांपुरतीच चालवावी. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वनविभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते, तीही गोळी झाडण्याआधी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे